नाटकातल्या वेशीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, मला कुठल्या घराचा समजू नका. माझ्या मागे ना स्वयंपाकघर, ना जिना, ना कोणाची झोपायची खोली. माझ्या मागे एक अरुंद बोळ आहे. त्यात दोन मोडकी बाकं, रंगाचे रिकामे डबे, आणि आपली वेळ येईपर्यंत ताटकळत उभी असलेली मुलं. मी नाटकातला दरवाजा आहे. एका शाळेच्या सभागृहात मला रंगमंचाच्या मधोमध उभं करतात, तेव्हा मी अख्ख्या शहराची वेस होतो. नाटक संपलं की भिंतीला टेकवून ठेवतात, आणि मग मी पुन्हा नुसत्या फळ्या होतो. तक्रार करत नाही हं. उलट मला आयुष्यात जे मिळालं ते भल्याभल्या महालांच्या दरवाजांना मिळालं नसेल, म्हणून तर सांगायला बसलो आहे.

माझा जन्म खोक्यांतून झाला. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी काचेचं सामान आलं होतं, त्याची लाकडी खोकी जिन्याखाली धूळ खात पडली होती. हस्तकलेच्या मास्तरांनी ती फोडली, फळ्यांवर रंधा मारला, एकीला एक जोडली आणि मला उभा केला. मास्तर माणूस मोठा हौशी, पण हाताचा घाईचा. पुढच्या बाजूला त्यांनी मला काळपट तपकिरी रंग दिला आणि बाटल्यांची पत्र्याची बुचं काळी करून ओळीने ठोकली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय ते लोखंडी खिळे! मागच्या बाजूला मात्र रंग पुरला नाही. तिथे खोक्यावरची छापील अक्षरं तशीच राहिली: ‘काचेचे सामान. जपून हाताळा.’ म्हणजे प्रेक्षकांना दिसतं लोखंड, आणि मागच्या बोळात उभं राहणाऱ्याला दिसतात ही अक्षरं.

मास्तरांनी मला एक अडसरही केला, पण तो निव्वळ शोभेचा. माझ्याच अंगावरच्या दोन कड्यांत तो बसायचा, चौकटीला शिवायचासुद्धा नाही. मग मी बंद कशाने राहायचो? तर माझी खालची कड ओलीने फुगलेली होती, ती उंबरठ्यावर घट्ट अडायची. मला उघडायचं म्हणजे डाव्या कोपऱ्याला आधी टाच हाणायची आणि मग दोन्ही हातांनी ओढायचं. ही युक्ती मोठी मुलं धाकट्यांना सांगत आली. खऱ्या घरात असा दरवाजा कोणी महिनाभर ठेवला नसता, पण नाटकवाल्यांना माझं अडणंच हवं होतं. ही गोष्ट जरा लक्षात असू द्या, पुढे तीच अंगाशी येणार आहे.

आता नाटकाबद्दल. नाटक फार जुनं आहे. लिहिणाऱ्याबद्दल कोणाला धड काही सांगता येत नाही, नाटक तेवढं राहिलं. एक तटबंदीचं शहर आहे. तिथला राजा चांगला आहे, हे आधी ध्यानात घ्या. तो दुष्ट असता तर हे नाटक बघून कोणी रडलं नसतं. एकदा रात्री कोणाच्या तरी ओळखीवर वेस उघडली गेली, शत्रू आत घुसला आणि माणसं मेली. त्यावर राजा भर चौकात शपथ घेतो, की दिवे लागले की वेस बंद, मग बाहेर माझा स्वतःचा मुलगा का असेना. लोक त्याचा जयजयकार करतात. रात्रीचा पहाराही तो स्वतः करतो. जो कोणी ठोठावेल त्याला ‘कोण?’ म्हणून विचारतो, नाव ऐकतो, आणि सकाळी या असं सांगतो.

त्याचा मुलगा, म्हणजे राजपुत्र, लढाई मिटवायला परक्या मुलखात निघतो. त्याची ठोठावण्याची एक लकब आहे: दोनदा टकटक, जरा थांबून आणखी एकदा. पहिल्या अंकात तो बाहेर पडतो, वेस मिटते, आणि त्याच्या शेल्याचं टोक माझ्या फटीत अडकतं. तो हसतो, टोक ओढून घेतो, जातो. प्रेक्षकही हसतात. शेवटच्या अंकात तो तह करून परत येतो, पण वाटेत दगाफटका झालेला असतो. गळ्याला जखम, तोंडून शब्द फुटत नाही. दिवे लागलेले असतात. तो फक्त ठोठावतो, आपल्या त्याच लकबीने. राजा वेस उघडत नाही. सकाळी उघडतो, तेव्हा उंबरठ्यावर मुलगा पडलेला असतो आणि शेल्याचं टोक माझ्या फटीत अडकलेलं असतं. या वेळी कोणी हसत नाही.

हे नाटक शिकवायचं म्हणजे आमच्या बाईंनीच. सगळी शाळा त्यांना ‘नाटकाच्या बाई’ म्हणते. बारीक चणीच्या, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतली पेंगणारी पोरंसुद्धा सावरून बसावीत. बाई हा धडा वर्गात शिकवायच्याच नाहीत. मला उभा करायच्या आणि सगळ्या वर्गाला रंगमंचावर घेऊन यायच्या. त्यांचा एक नियम होता, त्याला मुलं ‘दोन बाजूंचा नियम’ म्हणत. नाटकातल्या कोणाहीबद्दल तोंड उघडण्याआधी माझ्या दोन्ही बाजूंना उभं राहून यायचं. आधी राजाच्या बाजूला, मग बोळात, त्या अक्षरांसमोर. तिथून परत आल्यावरच बोलायचं. किती मुलं माझ्या पुढून बडबडत मागे गेली आणि मागून गप्प होऊन आली, काय सांगू!

तिथे उभ्याउभ्या मीही शिकलो. शेल्याचं टोक आधी हसवतं आणि नंतर तेच रडवतं, याला पूर्वसूचना म्हणतात. राजा एकटाच मोठ्याने बोलतो, त्याला स्वगत म्हणतात. बाई सांगायच्या की स्वगतात पात्र स्वतःशीच बोलतं. मला विचाराल तर ते माझ्याशी बोलतं, कारण कपाळ माझ्यावर टेकलेलं असतं. एका वर्षीचा राजा कच्चा कांदा खाऊन यायचा, ती स्वगतं मी कशी सोसली माझं मला ठाऊक. आणि मी स्वतः कोण, तर म्हणे प्रतीक. राजाच्या मनाचं प्रतीक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फुगलोच, म्हणजे ओलीने फुगतो त्याहून जास्त.

धड्याच्या शेवटी बाई एक प्रश्न हमखास टाकायच्या: बाहेर आपला मुलगा आहे, हे राजाला माहीत होतं का? वर्ग एका सुरात नाही म्हणायचा. एकदा एक महाभाग म्हणाला की राजाला कमी ऐकू येत असणार, आणि सगळे खो खो हसले. मग बाई समजावून सांगायच्या. प्रेक्षकांना माहीत आहे आणि राजाला नाही, म्हणून आपला जीव वरखाली होतो. याला नाट्यातला उपरोध म्हणतात. मुलं ते लिहून घ्यायची आणि घंटा झाली की घरी पळायची.

मग एका वर्षी शिडी आली. खरं नाव वेगळं होतं, पण अंगाने काटकुळी आणि उंच, त्यामुळे मैत्रिणींनी हे नाव ठेवलं आणि तिनेही ते खपवून घेतलं. ती बोळातून बाहेर आली, बाईंचा प्रश्न ऐकला आणि म्हणाली, राजाला माहीत होतं. वर्गात कुजबुज झाली. बाईंनी चष्मा वर सारला आणि कशावरून म्हणून विचारलं.

“बाई, तो प्रत्येकाला ‘कोण?’ म्हणून विचारतो,” शिडी म्हणाली. “भिकाऱ्याला विचारतो, व्यापाऱ्याला विचारतो. शेवटच्या रात्री तो विचारतच नाही. ज्याला माहीत नसतं तो विचारतो ना?”

बाईंनी पुस्तक उघडलं. शेवटचा अंक बोट ठेवून वाचला, पुन्हा मागे जाऊन पहिला वाचला. मग त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या की इतकी वर्षं हे नाटक शिकवते आहे, पण माझं लक्ष त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे गेलंच नव्हतं. बाईंचा चेहरा असा फुलला होता, जणू कोणी हरवलेली वस्तू आणून दिली. मला तर तिथल्या तिथे त्या पोरीचे आभार मानावेसे वाटले. वर्षानुवर्षं राजाचं कपाळ माझ्यावर टेकलेलं होतं, मला आतून काहीतरी कळत होतं, पण मला कुठे बोलता येतं!

वर्ग गेल्यावर शिडी मागे रेंगाळली. बोळात माझ्या पाठीला पाठ लावून बसली. बाईही तिच्याजवळ बसल्या. आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

शिडीचे वडील सुतार. दारं करावीत तर त्यांनीच, असं गावभर नाव. तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, त्यांच्याच हाताखाली तयार झाला. पण दादाने भुसा दाबून दारं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. वडिलांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारीपाजारी उभे असताना ते म्हणाले, भुशाची दारं विकणाऱ्याने माझ्या दाराला हात लावायचा नाही. दादा गेला तो गेलाच. पुढे एकदा संध्याकाळी तो आला होता. दादाची ठोठावण्याची तऱ्हा घरात सगळ्यांना पाठ, पाठोपाठ तीनदा आणि तेही बोटांच्या पेरांनी. आईने वडिलांकडे पाहिलं. शिडी उठायला लागली, तर वडील म्हणाले, बस, वारा असेल. एरवी पान जरी हललं तरी ‘कोण आहे?’ म्हणून ओरडणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. थोड्या वेळाने पावलं परत गेली.

“मला राजा व्हायचंय, बाई,” शिडी म्हणाली. “आत उभं राहून त्याला काय होतं, ते मला बघायचंय.”

तिला वडिलांवर सूड उगवायचा नव्हता, मित्रांनो. तिला एकच हवं होतं, दादा घरी यावा. आणि त्यासाठी वडिलांनी हे नाटक बघावं, एवढंच तिच्या हातात होतं. वडील कधी शाळेत फिरकायचे नाहीत. ते येतील का, या काळजीने ती तालमीत अर्धी व्हायची. राजाचं काम मात्र असं करायची की बाई पाठांतराचं पुस्तक मिटून बघत बसायच्या. राजपुत्र झाला होता तिच्याच वर्गातला एक गोलमटोल मुलगा, सगळे त्याला बडबड्या म्हणत. मुक्या झालेल्या राजपुत्राचं काम नेमकं त्याला मिळालं, यावरून त्याची रोज खेचली जायची. पण पोरगा जीव ओतून ठोठावायचा.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी माझी वरची बिजागरी निखळली. मी एका खांद्यावर लोंबकळत राहिलो. सुतार कुठून आणायचा? सगळ्यांनी शिडीकडे पाहिलं. ती क्षणभर घुटमळली, मग म्हणाली, घरी विचारते.

आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी ते आले. रुंद खांदे, कानावर पेन्सिल, हातात हत्यारांची पिशवी. सभागृहाची देखभाल करणाऱ्या काकांशिवाय तिथे कोणी नव्हतं. सुतारांनी माझ्यावर टिचकी मारली, बुचं बघितली आणि ते गालातल्या गालात हसले. बिजागरी पक्की केली. मग मला उघडायला गेले, तर मी अडलो. अरे देवा, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला! त्यांच्या डोळ्यांदेखत एखादा दरवाजा अडतो म्हणजे काय! काकांना म्हणाले, याला दरवाजा म्हणायचं का? काकांनी आपली मान हलवली. त्यांना वाटलं, फुकटात काम होतंय तर होऊ दे.

मग त्यांनी मला उतरवून आडवा घातला आणि माझ्या खालच्या कडेवर आणि मग बाजूच्या कडेवरही रंधा चालवला. इतक्या वर्षांत मला असा हात लागला नव्हता. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. कड तळहाताने चाचपायची, पुन्हा एक हात मारायचा, पुन्हा चाचपायची. बिजागऱ्यांना तेल, कडेला मेण. मला परत चढवलं आणि एका बोटाने ढकललं. मी आवाज न करता उघडलो. मला पहिल्यांदा कळलं की खरा दरवाजा असणं म्हणजे काय असतं. ते त्यांचं देणं मी विसरणार नाही. पण नाटकातला दरवाजा अडलाच पाहिजे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि खऱ्या सुताराला ते सुचणारही नव्हतं.

संध्याकाळी सभागृह भरलं. मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, सुतार बसले होते. शेजारी शिडीची आई. दार आपण दुरुस्त केलं आहे, ते चालतं कसं ते बघायला ते आले असतील. का येईनात, पण आले. शिडीने फटीतून त्यांना पाहिलं आणि मुकुट डोक्यावर घट्ट बसवला.

पहिल्या अंकात तिने नेहमीसारखी टाच हाणली आणि दोन्ही हातांनी ओढलं. मी असा सुळकन उघडलो की राजाच मागच्या मागे कोलमडायचा. ती कशीबशी सावरली. अंक संपल्यावर ती आणि बडबड्या धावत माझ्याकडे आले. मी नुसत्या फुंकरीने हलतोय, हे पाहून दोघांचे चेहरे पांढरे पडले. शेवटच्या अंकात मी उघडलो तर नाटकच संपलं! शिडीने पुठ्ठ्याची घडी करून माझ्या खाली कोंबली आणि बडबड्याला बजावून बजावून सांगितलं, हळू ठोठाव, अगदी हळू. त्याने गळ्याची शपथ घेतली.

शेवटचा अंक सुरू झाला. दिवे लागले. राजा पहाऱ्यावर. पहिल्यांदा बडबड्याने हळूच ठोठावलं. दोन, आणि एक. राजा थबकला. तो काहीच विचारत नाही. सभागृहात इतकी शांतता की पंख्याचा आवाज ऐकू यावा. त्या शांततेत बडबड्या शपथ विसरला. तो आता बडबड्या राहिलाच नव्हता. तो बापाच्या दारात उभा असलेला मुलगा होता. त्याने मूठ वळली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ठोठावलं. पुठ्ठा निसटला आणि मी सताड उघडलो, अडसरासकट.

बोळातला उजेड रंगमंचावर पडला. राजपुत्र मूठ उगारलेला तसाच उभा, डोळे विस्फारलेले. राजा त्याच्यासमोर दोन हातांवर. आणि मधल्या रांगेत शिडीचे वडील खुर्चीतून अर्धवट उठले.

मला वाटलं, संपलं. पण शिडीने काय करावं? तिने मुलाकडे पाहिलं नाही. तिने मान वळवली, डोळे घट्ट मिटले, आणि आंधळ्यासारखा हात मागे नेऊन मला चाचपडत शोधलं. माझी कड तिच्या हाताला लागली, सकाळी तिच्या वडिलांनी गुळगुळीत केलेली. तिने मला लोटत लोटत मिटलं आणि स्वतः पाठ लावून उभी राहिली, मला आवळून धरून. मग ती राजाचं स्वगत बोलली. नेहमी ते माझ्याकडे तोंड करून असायचं. त्या दिवशी ते प्रेक्षकांकडे तोंड करून, मिटल्या डोळ्यांनी झालं. मागे बडबड्या हळूहळू खाली घसरला आणि त्याच्या शेल्याचं टोक माझ्या फटीत आलं, अगदी जिथे यायला हवं तिथे. शिडीचे वडील तोवर खुर्चीच्या हाताला धरून तसेच अर्धवट उभे होते. आईने बाही ओढली तेव्हा बसले.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. बाई पडद्याआड चष्मा पुसत होत्या, आणि शिडीला जवळ घेऊन म्हणाल्या की लिहिणाऱ्याला हे सुचलं असतं तर त्याने असंच लिहिलं असतं.

लोक पांगल्यावर सुतार रंगमंचावर आले. आधी माझ्यापाशी आले, गुडघे टेकून बसले, कडेवरून अंगठा फिरवला. शिडी मुकुट हातात घेऊन उभी होती. बोळातून आवराआवरीचा आवाज येत होता.

“दार उघडलं होतं,” ते म्हणाले, माझ्याकडे बघत. “आयतं उघडलं होतं. मग एकदा बघायला काय झालं होतं त्याला?”

“बघितलं असतं तर आत घ्यावं लागलं असतं, बाबा.”

“त्याला कळलं होतं, कोण आहे ते?”

“ठोठावण्यावरूनच कळलं होतं,” शिडी म्हणाली. “तुम्हालाही कळलं होतं.”

सुतारांचा अंगठा माझ्या कडेवर तसाच राहिला. मी वाट पाहत होतो की आता ते रागावतील, आणि शिडीही तीच वाट पाहत असावी. पण ते फक्त उठले, गुडघे झटकले आणि बोळात आवरणाऱ्या काकांना म्हणाले की दरवाजा मी बिघडवला, तर तो धरून राहील अशी कडी मीच बसवून देईन, सुट्टीच्या दिवशी येतो. मग ते निघाले. शिडी मुकुट कुशीत धरून बसून राहिली. तिला वाटलं, जे होतं नव्हतं तेही गेलं. मलाही तेच वाटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सभागृहाचं कुलूप उघडलं. आधी शिडी आत आली, आणि ती अशी चालत होती जणू पायाखाली अंडी आहेत. तिच्या मागे सुतार. आणि त्यांच्या मागे, जरा अंतर राखून, तसेच रुंद खांदे असलेला एक तरुण. हातात छोटी पुडी. मी काय ते समजलो. घरी कोण काय बोललं, मला ठाऊक नाही, मी हे सभागृह सोडून कुठे जातो? शिडीने नंतर बाईंना सांगितलं, वडील कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले होते. दादा बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “नाटकाच्या दरवाजाला कडी बसवायची आहे. तुमच्या त्या कारखान्यातल्या दारांना चुंबकाची असते म्हणे. ती घेऊन ये.”

दोघांनी काम सुरू केलं. बोलणं कामापुरतंच. हे धर, ते दे, जरा वर घे. चुंबकाची पट्टी दादाने चौकटीला लावली. वडिलांनी त्याने मारलेला प्रत्येक स्क्रू निरखून पाहिला आणि एकालाही नावं ठेवली नाहीत. शिडीने माझ्या कानात जवळजवळ ओरडून सांगावं इतकी ती त्या वेळी आनंदली होती, पण तोंडातून ब्र काढला नाही, पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. दादाने माझी मागची बाजू बघून विचारलं, हिला रंग मारायचा का? सुतार मागे गेले, ती छापील अक्षरं वाचली, आणि राहू दे म्हणाले.

मग बसवलेली कडी तपासायची वेळ आली. दादा मागे बोळात राहिला, वडील पुढे राजाच्या जागी आले. मला मिटलं. चुंबकाने मला अलगद धरलं. आता दादाने बाहेरून ढकलायचं, की दार टिकतं की नाही ते कळलं असतं. पण दादाने ढकललं नाही. त्याने ठोठावलं. बोटांच्या पेरांनी, पाठोपाठ तीनदा.

सुतार माझ्यापासून वीतभर अंतरावर उभे होते. त्यांचा श्वास मला लागत होता. शिडी खुर्चीतून उठून उभी राहिली.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“मी आहे, बाबा.”

त्यांनी मला उघडलं. दोन्ही हातांनी, डोळे उघडे ठेवून. मुलाकडे नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि म्हणाले, “चल घरी. आई वाट बघतेय.” दादा उंबरठा ओलांडून पुढे आला. हत्यारांची पिशवी वडिलांनी त्याच्याकडे दिली, जशी पूर्वी देत असतील तशी. शिडी पुढे पळत गेली आणि तिच्या चपला जिन्यावर फटफट वाजत गेल्या. त्या गडबडीत मला मिटायचं तिघेही विसरले, आणि मी दिवसभर उघडाच राहिलो.

मित्रांनो, आता मी बराच म्हातारा झालो आहे. अर्धी बुचं गळाली. हस्तकलेचे मास्तर गेले, बाई निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या जागी आलेल्या सरांनीही दोन बाजूंचा नियम चालू ठेवला आहे. मास्तरांनी मला खोक्यांतून बाहेर काढलं, बाईंनी मला अर्थ दिला, सुताराने मला खरा दरवाजा केलं, आणि शिडीने तो मिटून दाखवला. या सगळ्यांचा मी ऋणी आहे. आणि बडबड्याचाही, त्याने शपथ मोडली म्हणून. अजूनही दर वर्षी नवा राजा माझ्यावर कपाळ टेकतो आणि मी त्याचं मन लावून ऐकतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरच्या दाराच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल सोडा, कड घासत असेल तर रंधा मारून घ्या, लाकूड दुवा देईल. आणि कधी कोणी ठोठावलं, ते कोण आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असलं आणि उठावंसं वाटत नसलं, तरी ‘कोण?’ म्हणून एकदा विचारा. बाहेरचा माणूस तेवढ्यासाठीच उभा असतो.